रिंगेचा कोन कोण मोजणार?

मुंब्र्याजवळ शीळफाट्याला ती इमारत पडली तेव्हा भूकंप झाला नव्हता. पूर नव्हता, वादळ नव्हते, पावसाळासुद्धा नव्हता. ४ एप्रिल २०१३ ची साधी कोरडी संध्याकाळ होती. वरचे मजले अजून चढत होते आणि खालच्या मजल्यांवर कुटुंबे राहायलाही आली होती. इमारत स्वतःच्याच वजनाने खाली आली आणि ७४ माणसे गेली. त्याच वर्षी २७ सप्टेंबरला माझगावात बाबू गेनू मंडईची इमारत पडली, ६१ जण गेले. ती इमारत महापालिकेच्या मालकीची होती आणि राहणारी कुटुंबेही पालिकेच्याच कर्मचाऱ्यांची. २४ ऑगस्ट २०२० ला महाडची तारिक गार्डन पडली. बांधून दहा वर्षेही झाली नव्हती, तरी पाच मजल्यांचा ढिगारा झाला आणि १६ जण दगावले. २०२५ च्या ऑगस्टात, ऐन गणेशचतुर्थीच्या आदल्या मध्यरात्री, विरारला रमाबाई अपार्टमेंटचा भाग कोसळला आणि १७ जण गेले.

पुढचे सगळ्यांना पाठ आहे. बिल्डर दोन दिवस सापडत नाही, मग सापडतो. मदत जाहीर होते. चौकशी समिती बसते. वर्तमानपत्रे आसपासच्या 'धोकादायक' इमारतींचे फोटो छापतात. आठवड्याभरात विषय मागे पडतो. भूकंपाचा विषय मात्र आपण वेगळ्याच कप्प्यात ठेवतो. तो निसर्गाचा कोप, तो लातूरला झाला, कच्छला झाला, तुर्कस्तानात झाला. माझे म्हणणे असे की हे दोन विषय नाहीतच. कुणी धक्का न देता जी इमारत पडते, ती एकटी नसते. त्याच वर्षांत, त्याच भागात, त्याच मुकादमाने, त्याच वाळूत आणि त्याच घाईत बांधलेल्या शेजारच्या वीस इमारती उभ्या असतात. त्यांना अजून कुणी हलवलेले नाही, एवढाच फरक.

'आपल्याकडे काही होत नाही, आपण दख्खनच्या पठारावर आहोत, खाली काळा पाषाण आहे' हे वाक्य मी इंजिनिअर माणसांच्या तोंडूनही ऐकले आहे. किल्लारीच्या खालीही तोच काळा पाषाण होता. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी, गणपती बोळवून गाव झोपलेले असताना, तो हलला आणि सुमारे दहा हजार माणसे दगडमातीखाली गेली. त्या दिवशी वापरात असलेल्या भूकंप नकाशात तो भाग सर्वांत कमी धोक्याच्या पट्ट्यात रंगवलेला होता. नकाशा नंतर बदलला, किल्लारीला वरच्या विभागात घेतले. नकाशा हा बऱ्याचदा मागच्या भूकंपानंतर सुधारलेला कागद असतो.

आणि पठाराचे तरी काय घेऊन बसायचे? ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे कोयनानगर उद्ध्वस्त झाले. तिथून पुणे सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहे. कोयनेचा परिसर आजही अधूनमधून हलत असतो. डहाणू-तलासरीला नोव्हेंबर २०१८ पासून धक्क्यांची मालिका सुरू झाली, लोक थंडीत घराबाहेर झोपू लागले. धक्के बहुतेक किरकोळच, पण त्याच पालघर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाला वसई-विरार आहे, जिथे चार-पाच मजली चाळवजा इमारती पायाला पाय लावून उभ्या आहेत. २००२ च्या नकाशात मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक हे सगळे तिसऱ्या विभागात, म्हणजे मध्यम धोक्यात धरले होते. 'मध्यम' हा शब्द जमिनीच्या हलण्याबद्दल आहे. वर काय उभे आहे ते त्यात धरलेले नाही.

२६ जानेवारी २००१ ला भूज हलले तेव्हा अहमदाबाद केंद्रापासून दोनशे किलोमीटरहून लांब होते. तरीही तिथल्या कित्येक बहुमजली इमारती बसल्या, शेकडो माणसे मेली. जुन्या पोळांमधल्या, म्हणजे दाट गल्लीवस्त्यांमधल्या, लाकडी वाड्यांपेक्षा नव्या वस्तीतल्या, खाली मोकळे पार्किंग सोडलेल्या इमारतींनी जास्त बळी घेतले. वर प्रत्येक मजल्यावर विटांच्या भिंती असल्याने तो भाग ताठ राहतो, खाली नुसते कॉलम असतात. जमीन हलली की सगळी हालचाल त्या एका मजल्यात एकवटते आणि कॉलम गुडघ्यात मोडल्यासारखे मोडतात. पुण्यात कोथरूडपासून वाकडपर्यंत आणि ठाण्यात घोडबंदरपर्यंत जे काही गेल्या तीस वर्षांत उभे राहिले त्यातले किती पार्किंगवर उभे आहे, हे फिरायला गेलात की नजरेनेच मोजता येईल. यात रहिवाशांचा दोष नाही. पार्किंगची जागा चटईक्षेत्रात, म्हणजे परवानगीच्या एकूण बांधकाम क्षेत्रात, धरायची नाही असा नियम असेल तर बिल्डर खालचा मजला मोकळाच सोडणार. नगररचनेचा नियम एक सांगतो, भूकंपाला टिकेल असे कसे बांधावे हे सांगणारी संहिता दुसरे. २००२ च्या सुधारणेत अशा मोकळ्या मजल्याचे कॉलम-बीम अडीचपट बलासाठी आखा असे संहितेने स्पष्ट लिहिले. त्याआधी बांधलेल्यांचे काय, आणि त्यानंतर बांधलेल्यांनी ते खरेच केले का, हे शहरवार कुणी तपासायला घेतलेले मला तरी दिसलेले नाही.

किल्लारीहून आपण जो धडा घेतला तोही अर्धाच घेतला, असे मला वाटते. दगडमातीच्या जाड भिंती आणि वर फुटा-दोन फुटांचे मातीचे माळवद, यांनी माणसे मारली हे खरे. त्यावरून 'दगड वाईट, स्लॅब चांगला' एवढे समीकरण खेड्यापाड्यांत रुजले. दोष दगडाचा नव्हता, दगड एकमेकांत न गुंतवता रचल्याचा होता. भिंतीचे दोन थर आरपार दगडाने बांधलेले नव्हते, कोपरे जोडलेले नव्हते. सिमेंट आले तरी तोच दोष पोशाख बदलून आला. आजचे काँक्रीटचे कॉलमही बांधलेले नसतात.

बांधलेले नसतात म्हणजे काय, ते जवळून पाहण्यासारखे आहे. साइटवर ज्याला रिंग म्हणतात ती साधारण आठ मिलिमीटरच्या सळईची चौकट असते. कॉलमच्या उभ्या सळयांभोवती ठरावीक अंतरावर ती तारेने बांधत जायची. मोळीला दोरी असते तशी. सळया वाकवणारा बारबेंडर फळीवर खिळे ठोकून साचा करतो आणि दिवसभर रिंगा पाडत बसतो. प्रत्येक रिंगेची शेवटी दोन टोके उरतात. ती काटकोनात दुमडली की काम पटकन उरकते, रिंग वरून सरकवायलाही सोपी जाते. संहिता मात्र म्हणते की टोके १३५ अंशांत वळवा, म्हणजे ती कॉलमच्या पोटात शिरतील, आणि वळल्यावर किमान ६५ मिलिमीटर आत राहू द्या. कारण उघड आहे. जमीन हलते तेव्हा कॉलमच्या बाहेरचे कवच आधी गळून पडते. काटकोनातली टोके त्या कवचातच अडकलेली असतात. कवच गेले की रिंग उघडते, उभ्या सळया बाहेर फुगतात आणि आतले काँक्रीट भुगा होऊन सांडते. पोटात शिरलेली टोके मात्र धरून ठेवतात. कॉलम वाकतो, चिरतो, पण उभा राहतो आणि माणसांना जिना उतरायला वेळ मिळतो. टोके अशी आत वळवा हे १९९३ पासून भारतीय मानकात लिहिलेले आहे.

आमच्या समोरच्या प्लॉटवर इमारत चढताना मी गॅलरीतून पाहत असे. तळमजल्याच्या कॉलमांच्या रिंगा सगळ्या काटकोनातल्या दिसल्या म्हणून एकदा खाली जाऊन फिटरला विचारले, 'दादा, टोके आत का नाही वळवत?' तो शांतपणे म्हणाला, 'वळवली तर वरून उतरत नाहीत साहेब. आणि ड्रॉइंगात नुसती रिंग दाखवलीय, टोक कुठं दाखवलंय?' सुपरवायझर हसून म्हणाला, इथे कुठे भूकंप होतो. मी वर आलो. त्या फिटरचा मला राग आला नाही आणि अजून येत नाही. ज्याला टनावर पैसे मिळतात आणि ज्याला कुणी शिकवलेले नाही, त्याच्यावर शहराच्या सुरक्षिततेचा भार टाकून आपण मोकळे होतो.

जिथे कॉलम आणि बीम भेटतात तिथली गोष्ट याहून वाईट. त्या सांध्यात सळयांची इतकी गर्दी असते की रिंग घालायला हात आत जात नाही, म्हणून कित्येक ठिकाणी तिथल्या रिंगा सरळ वगळतात. धक्क्याचा सगळा ताण येतो त्याच सांध्यावर. मग स्लॅबचा दिवस. नारळ फुटतो, पेढे वाटले जातात, मिक्सरची गाडी येते. माल घट्ट आहे, पसरत नाही, म्हणून कुणीतरी पाइप घेऊन त्यात पाणी सोडतो. त्या पाण्याने काम सोपे होते आणि काँक्रीटची ताकद तिथल्या तिथे उतरते. व्हायब्रेटर बंद पडलेला असेल तर सळईने कोचून भागवतात. सेंट्रिंगच्या फळ्या दुसऱ्या साइटवर हव्या असतात म्हणून लवकर काढतात. यातली एकही गोष्ट गिलावा झाल्यावर दिसत नाही.

प्रश्न असा की त्या दिवशी, त्या तासाला, तिथे 'थांबवा' म्हणण्याचा अधिकार असलेला आणि बिल्डरच्या पगारावर नसलेला माणूस कोण असतो? बहुतेक ठिकाणी कुणीच नसतो. पालिकेचा अभियंता साधारणपणे जोत्याला येतो आणि भोगवटा प्रमाणपत्र देताना येतो. समासातली, म्हणजे इमारतीभोवती मोकळी सोडायची, अंतरे, क्षेत्रफळ, पार्किंगची संख्या, बंद केलेली गॅलरी हे सगळे टेपने मोजता येते, ते तो मोजतो. इमारत मजबूत आहे हे एका कागदावर स्ट्रक्चरल इंजिनिअर लिहून देतो, आणि त्याला नेमतो बिल्डर, पैसेही देतो बिल्डर. हे इंजिनिअर सगळे लबाड असतात असे मी म्हणत नाही. उत्तम काम करणारे पुष्कळ आहेत, आणि कमी पैशांत सही देणाऱ्याने त्यांचे काम पळवल्याची तक्रार तेच सर्वांत जास्त करतात. वास्तुविशारदांसाठी देशात १९७२ चा कायदा आहे, परिषद आहे, नोंदणी आहे. ज्याच्या हिशेबावर इमारत उभी राहते त्या इंजिनिअरसाठी तसा कायदा नाही. एका पालिकेने परवाना रद्द केला तर शेजारच्या पालिकेत जायचे, एवढेच.

चटईक्षेत्र आणि समास एवढ्या काटेकोरपणे मोजले जातात कारण त्यात पैसा आहे. ताकदीत पैसा नाही. म्हणून आपल्या सगळ्या सार्वजनिक चर्चेत इमारतीची जात दोनच प्रकारची, अधिकृत आणि अनधिकृत. पडलेली इमारत अनधिकृत निघाली की सगळ्यांना हायसे वाटते. आणि अनधिकृतावरचा उपाय काय, तर नियमित करणे. उल्हासनगरसाठी २००६ मध्ये खास कायदा केला. गुंठेवारीसाठी, म्हणजे गुंठ्यागुंठ्याने तुकडे पाडून विकलेल्या जमिनींवरच्या घरांसाठी, २००१ मध्ये कायदा केला आणि पुढे त्याची तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत सरकवली. २०१७ मध्ये नगररचनेच्या एमआरटीपी कायद्यात नवे कलम घालून ३१ डिसेंबर २०१५ पूर्वीच्या बांधकामांना दंड भरून नियमित होण्याची वाट काढली. दंड भरला, कागद मिळाला, घर विकता येऊ लागले, कर्ज मिळू लागले. सळई तीच राहिली. उल्हासनगरमध्येच २८ मे २०२१ च्या रात्री एका इमारतीचा स्लॅब वरच्या मजल्यावरून खालपर्यंत कोसळत आला आणि सात जण गेले. त्याच महिन्यात त्याच शहरात दुसऱ्या एका इमारतीचा स्लॅब तसाच पडला होता.

गरिबांना बेघर करू नका हा नियमितीकरणामागचा युक्तिवाद मला मान्य आहे. माणसे हौसेने मुंब्र्याला किंवा नालासोपाऱ्याला जात नाहीत. अधिकृत घर परवडत नाही म्हणून जातात. बुलडोझर हे उत्तर नाही. पण दंडाची पावती हेही उत्तर नाही. तुर्कस्तानने २०१८ मध्ये हेच केले. निवडणुकीच्या तोंडावर लाखो बेकायदा बांधकामांना शुल्क घेऊन माफी दिली. तिथल्या अभियंत्यांच्या संघटना ओरडत राहिल्या. ६ फेब्रुवारी २०२३ ला पहाटे ७.८ चा आणि दुपारी ७.५ चा धक्का बसला, आणि एकट्या तुर्कस्तानात पन्नास हजारांवर माणसे मेली. पडलेली प्रत्येक इमारत माफी मिळालेली नव्हती, हे खरे. धक्काही प्रचंड होता. पण सरकारने ताकद न तपासता कायदेशीरपणा विकला, आणि विकत घेणाऱ्याला वाटले की आपण सुरक्षितता विकत घेतली. आपल्याकडे हीच विक्री चालू आहे. नियमित करायचेच असेल तर अट एकच हवी: आधी इमारतीची तपासणी, कॉलम बळकट करण्याचा आराखडा, आणि जमा झालेला दंड त्याच इमारतीच्या दुरुस्तीवर खर्च. तो पालिकेच्या सर्वसाधारण निधीत गेला तर त्याला दंड म्हणू नये, वर्गणी म्हणावे.

आपली तपासणीची चौकटही वयावर बेतलेली आहे. इमारत तीस वर्षांची झाली की स्ट्रक्चरल ऑडिट बंधनकारक. मे महिना आला की याद्या लागतात, सी-१ म्हणजे अतिधोकादायक, रिकामी करा. महाडची इमारत या चौकटीत आणखी वीस वर्षे तरी आली नसती. विरारचीही अजून बऱ्याच वर्षांनी आली असती. मुंब्र्याची तर पुरती जन्मलीही नव्हती. खाडीची खारी वाळू, सळईवरचे काँक्रीटचे पातळ कव्हर, सतत गळणारे संडास, यांनी वीस वर्षांत सळई गंजून फुगते आणि स्लॅबचे पोपडे पडू लागतात. तिला आपले वय ठाऊक नसते. तळमजल्यावर दुकानदार कॉलम छाटतो ते तर एका रात्रीत होते. २५ जुलै २०१७ ला घाटकोपरची सिद्धी साई इमारत पडली, १७ जण गेले. तळमजल्यावर फेरबदलाचे काम सुरू होते आणि त्यात कॉलमना धक्का लावल्याची रहिवाशांची तक्रार होती.

आणि नोटीस मिळाली तरी माणसे निघत नाहीत. भिवंडीच्या जिलानी इमारतीला नोटीस गेलेली होती. २१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे ती पडली तेव्हा आत झोपलेली जवळपास चाळीस माणसे मेली. भेंडीबाजारची हुसैनी इमारत २०११ मध्येच धोकादायक ठरली होती, काही कुटुंबे हललीही होती. ३१ ऑगस्ट २०१७ ला ती पडली आणि ३३ जण गेले. लोकांना अक्कल नाही असे म्हणणाऱ्यांनी एकदा पागडीच्या, म्हणजे जुन्या भाडेहक्काच्या, खोलीत राहून पाहावे. घर सोडले की हक्क गेला, ही भीती मुंबईत पिढीजात आहे. संक्रमण शिबिरात गेलेली कुटुंबे तिथेच म्हातारी झालेली लोकांनी पाहिली आहेत. अनधिकृत इमारतीतल्या माणसाला तर तेवढाही आधार नाही. त्याची इमारत रिकामी झाली की त्याच्या नावावर जगात काहीच उरत नाही. त्यामुळे रहिवासी स्वतःच ऑडिट टाळतात. अहवाल वाईट आला तर? दुसरा इंजिनिअर शोधून 'दुरुस्तीयोग्य' असा अहवाल आणतात. नोटिशीबरोबर त्याच दिवशी, लेखी, मुदतीसह परतीची हमी मिळाली तर निम्म्या इमारती पोलीस न बोलावता रिकाम्या होतील असे मला वाटते.

हे सगळे अशक्य असते तर बोलण्यात अर्थ नव्हता. २७ फेब्रुवारी २०१० ला चिलीला ८.८ चा भूकंप झाला, पाचशेच्या वर माणसे गेली, त्यातली बरीच त्सुनामीत. त्याच वर्षी १२ जानेवारीला हैतीत ७.० चा झाला आणि मृतांची संख्या लाखांत गेली. हैती गरीब आणि चिली श्रीमंत म्हणून, एवढेच त्याचे स्पष्टीकरण नाही. चिलीत रचनेत दोष निघाला तर पहिल्या विक्रेत्याची जबाबदारी दहा वर्षे राहते आणि मोठ्या इमारतींचा आराखडा त्रयस्थ इंजिनिअरकडून तपासून घ्यावा लागतो. कॉन्सेप्सिऑन शहरात एक नवी पंधरा मजली इमारत आडवी झाली तेव्हा तिथे खटले भरले गेले. आपल्या रेरात, म्हणजे घरखरेदीदारांसाठीच्या कायद्यात, ही मुदत ताबा मिळाल्यापासून पाच वर्षे आहे. पाच वर्षांत गिलाव्याला तडे जातात, नळ गळतात. कॉलमची परीक्षा पाच वर्षांत होतेच असे नाही.

सध्या पुण्या-मुंबईत पुनर्विकासाची लाट आहे. साठ-सत्तरच्या दशकातल्या तीन मजली सोसायट्या पाडून तिथे चौदा आणि बावीस मजले चढत आहेत. शहरातले जुने, कमकुवत बांधकाम बदलण्याची एवढी मोठी संधी पुन्हा येणार नाही, आणि एरवी दुबळा असणारा रहिवासी या एका वेळी बिल्डरसमोर बरोबरीने बसलेला असतो. तो काय मागतो? पस्तीस टक्के जादा कार्पेट, कॉर्पस निधी, भाडे, दोन पार्किंग, व्हिट्रिफाइड टाइल्स, चांगल्या कंपनीचे नळ. आमच्या ओळखीच्या एका सोसायटीच्या सभेला मी बसलो होतो. नळांवर पाऊण तास वाद झाला. शेवटी एका निवृत्त बाईंनी उठून विचारले की प्रत्येक स्लॅबच्या आधी सळई तपासायला सोसायटीचा स्वतःचा इंजिनिअर असेल का, आणि त्याने नाही म्हटले तर काँक्रीट थांबेल का. बिल्डरचा माणूस म्हणाला, 'मॅडम, आमचे इंजिनिअर असतात ना साइटवर चोवीस तास.' कमिटीने मान डोलावली. बाई म्हणाल्या, 'तुमचे असतात ते माहीत आहे. मी आमच्याबद्दल विचारतेय,' आणि इतिवृत्तात प्रश्न लिहून घ्या असे सेक्रेटरींना सांगून बसल्या.